कच्चा टाका

"शिवणवर्ग वरच्या मजल्यावर," खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं.

"मला वेल्डिंगला नाव घालायचंय."

"बाई, शिवणवर्ग वर आहे."

"शिवणकाम येतं मला. जे येतं ते कशाला शिकू?"

कारकुनाने आता मान वर केली. समोर पन्नाशीला टेकलेली एक बाई उभी होती. गळ्यात कापड मोजायची टेप घरून निघताना काढायची राहून गेलेली, आणि उभं राहण्याची तऱ्हा अशी की खिडकी बंद झाली तरी ती उद्या सकाळी तिथेच सापडेल. त्याने मागे रांगेत कोणी आहे का ते पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि मुकाट्याने फॉर्म पुढे सरकवला.

गल्लीत तिला सगळे शिवणवाली म्हणत. तीस वर्षं तिने घराच्या पुढच्या खोलीत बसून गल्लीचे कपडे शिवले होते. कोणाचा एक खांदा उतरता आहे, कोणाचं पोट दरवर्षी किती इंच वाढतं, हे तिला पाठ होतं आणि ते पोटात ठेवायची अक्कलही होती. तिच्या नवऱ्याला गल्ली उस्ताद म्हणे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं वेल्डिंगचं दुकान. पुढे तिचं मशीन, मागे त्याचं मशीन. "माझ्या मशीनला हात लावू नकोस" हे वाक्य दोघंही एकमेकांना ऐकवत आली होती, आणि संसार गुण्यागोविंदाने चालला तो बहुधा त्या एका वाक्यावर.

गेल्या वर्षी उस्तादाला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणंही परत आलं. उजव्या हाताची थरथर तेवढी गेली नाही. वेल्डिंगमध्ये रॉडचं टोक लोखंडापासून तांदळाच्या दाण्याएवढं दूर धरावं लागतं. जवळ गेलं तर चिकटतं, लांब गेलं तर विझतं, आणि तो दाणाभर अंतराचा खेळ हाताने सतत खेळायचा असतो. उस्तादाचा हात आता चहाचा कपसुद्धा सांडल्याशिवाय तोंडापर्यंत नेत नव्हता. तरीही तो रोज सकाळी शेडमध्ये जायचा आणि आपल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवायला हाक मारली की उठायचा, जेवून परत भिंतीपुढे.

शेडच्या कोपऱ्यात एक काम अर्धवट पडलं होतं. समोरच्या शाळेचं गेट, दोन झडपांचं. लोखंड मापाप्रमाणे कापून झालं आणि दुसऱ्याच दिवशी झटका आला. शाळेचं जुनं गेट बिजागरातून निखळलेलं, वर्षभर दोरीने बांधून ठेवलेलं. सुटायची घंटा झाली की शिपाई दोन्ही हात पसरून रस्त्याच्या कडेला उभा राहायचा आणि पोरं त्याच्या काखेखालून पळायची. हेडबाई दर महिन्याला येऊन विचारत. दुसऱ्याला काम द्यायला त्या तयार नव्हत्या. "उस्तादांनी शब्द दिलाय," म्हणत. उस्ताद भिंतीकडे बघत राही.

शिवणवालीने वर्गात नाव घातलं ते हे सगळं वर्षभर पाहिल्यानंतर. आधी तिने नवऱ्यालाच सांगितलं होतं, "मला शिकवा."

"हे काही फ्रॉक शिवणं नाही," तो म्हणाला.

"फ्रॉक शिवणं तुम्हाला येतं का?"

यावर उस्ताद चिडला. बाईमाणसाचं काम नाही, डोळे जातील, लोक हसतील, असं सगळं एका दमात बोलून परत भिंतीकडे वळला. ती दुसऱ्या दिवशी त्याची एक जाड सुती पँट आणि एक शर्ट घेऊन मशीनवर बसली. दुपारपर्यंत दोन्ही तिच्या मापाचे झाले होते.

"ही माझी पँट आहे," संध्याकाळी उस्ताद म्हणाला.

"होती," ती म्हणाली.

वर्गात सगळी विशीतली मुलं आणि एक ती. शिकवणारे सर बुटके, तिरसट आणि कामात पक्के. ठिणग्यांनी त्यांच्या शर्टाला इतकी भोकं पडली होती की मुलं त्यांना चाळणी सर म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी तिच्या हाताकडे पाहिलं आणि आठ्या काढल्या. हात हलत नव्हता. तीस वर्षं सुईच्या टोकाकडे बघत काढलेल्या बाईचा हात तो. मुलांचे रॉड चिकटत, ते झटके देऊन सोडवत, शिव्या देत. तिचाही चिकटायचा, पण दहाव्या दिवसानंतर नाही.

"आधी कच्चा टाका मारायचा," सर सांगत. "दोन तुकडे जागच्या जागी धरून ठेवायला. माप तपासायचं. मग पक्कं वेल्ड."

शिवणवालीला हसूच फुटलं. इतकी वर्षं घराच्या मागच्या बाजूला नवरा टाके मारत होता, पुढच्या बाजूला ती टाके मारत होती, आणि दोघांच्या टाक्यांना नाव एकच आहे हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तिला वाटलं, निम्मं काम तर आपल्याला येतंच. तिचं चुकलं ते इथे. पण ते पुढे.

सहा आठवडे झाले असतील. सोमवारी सकाळी दीर आला. उस्तादाचा हा धाकटा भाऊ मनाने वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या घरातलं सामान हलवायची त्याला भारी हौस.

"दादा, गिऱ्हाईक मिळालंय," तो शेडच्या दारातूनच म्हणाला. "वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, पकडीचा शिकंजा, सगळं उचलतोय. शनिवारी टेम्पो घेऊन येतो. शेड मोकळी झाली की तुझा जीवही मोकळा होईल."

उस्ताद भिंतीकडे बघत म्हणाला, "ने."

एवढंच. तीस वर्षांचं दुकान एका अक्षरात उठलं. शिवणवाली दारात चहा घेऊन उभी होती. तिने कप खाली ठेवला.

"भाऊजी, शनिवारी सकाळी ना?"

"हो वहिनी."

"तोवर शाळेचं गेट उभं राहिलं तर?"

"कोण उभं करणार?"

"मी."

दीर हसला. मग दादाकडे पाहिलं, तो हसत नव्हता, म्हणून थांबला. "वहिनी, दीड महिना झाला तुम्हाला शिकून. माणसं वर्षानुवर्षं घासतात."

"गेट उभं राहिलं नाही, तर मशीन मी स्वतः टेम्पोत चढवून देईन. राहिलं, तर टेम्पो रिकामा परत. चालेल?"

"अगं, नसता हट्ट—" उस्ताद म्हणाला.

"मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही 'ने' म्हणून मोकळे झालात. मी भाऊजींना विचारतेय."

दिराला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याला गंमतही वाटत होती.

त्याच दिवशी वर्गावरून आल्यावर तिने कामाला हात घातला. शेडमधली डोळ्यांपुढे धरायची काळी काच एकच, ती उस्तादाची, खिळ्याला टांगलेली. तिने ती काढून घेतली तेव्हा उस्तादाच्या पाठीला कळलं. खिळ्याचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. पण तो वळला नाही. वेल्डिंगच्या उजेडाकडे काचेशिवाय पाहता येत नाही, तेव्हा आता त्याच्याकडे भिंतीकडे बघत बसायला चांगलं कारण होतं.

पहिल्या झडपेची चौकट तिने जमिनीवर मांडली. कोपरे काटकोनात आहेत का ते पाहायला गुण्या लावला, आणि दोन्ही तिरकी अंतरं मोजायला गळ्यातली टेप काढली.

"कापडाची टेप ताणते," भिंतीकडून आवाज आला. सहा आठवड्यांतलं हे त्याचं कामाबद्दलचं पहिलं वाक्य, आणि तेही टोमण्यासारखं.

तिने टेप गळ्यात टाकली, शिवणाच्या टोपलीतून जाड दोरा आणला, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून गाठ मारली आणि तोच दोरा दुसऱ्या बाजूने लावून पाहिला. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली. आकड्यांची भानगडच नको.

मंगळवार कच्च्या टाक्यांत गेला. कोपऱ्याकोपऱ्याला पुढून एक, मागून एक. बुधवारी तिने पुढच्या बाजूचं पक्कं वेल्ड केलं. रॉड तेलात काही तळावं तसा एकसारखा चुरचुरत राहिला. वरची काळी खपली हातोडीच्या एका टिचकीने निघाली आणि खाली बारीक, एकावर एक, सारख्या अंतराची चकचकीत वळी दिसली. ती स्वतःच स्वतःच्या कामाकडे पाहून खूश झाली. साखळीची पुली लावून तिने झडप उलटी केली. आता मागची बाजू. मागच्या बाजूला ते चार कच्चे टाके ओबडधोबड दिसत होते.

शिवणात पक्की शिलाई झाली की कच्चा टाका उसवतात. सदरा गिऱ्हाइकाला द्यायचा आणि त्यात कच्चा धागा लोंबतोय, असं झालं तर शिवणवालीने मान खाली घालावी. तीस वर्षांची सवय. हाताने डोक्याला विचारलंसुद्धा नाही. तिने ग्राइंडर चालू केला आणि चारही कोपऱ्यांचे मागचे टाके घासून साफ करून टाकले. मग हात धुऊन जेवायला गेली. त्या दिवशी जेवताना ती स्वतःशीच गुणगुणत होती. उस्ताद ताटाकडे बघत होता.

जेवून येऊन तिने झडपेच्या कोपऱ्यावर हात टेकला तर झडप डुगडुगली. समोरचा कोपरा जमिनीपासून दोन बोटं वर उचललेला. दुसरा दाबला, तर पहिला वर. तापलेलं वेल्ड गार होताना आकसतं आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतं. मागून धरून ठेवायला जे टाके होते ते तिनेच घालवले होते. आता सगळी चौकट पापडासारखी वाकडी झाली होती. लोखंडात कच्चा टाका उसवायचा नसतो. तो पक्क्या वेल्डच्या पोटात जातो आणि कायमचा तिथेच राहतो. हे सरांनी सांगितलं नव्हतं, कारण कोणी टाका उसवेल हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं.

तिला आधी स्वतःचाच राग आला. डोळ्यांत पाणी आलं ते तिने बाहीने पुसलं, बाहीला काजळी होती, तोंडही काळं झालं. मग तिची नजर स्टुलाकडे गेली, आणि एक गोष्ट सावकाश तिच्या ध्यानात आली.

"अहो."

पाठ हलली नाही.

"तुम्हाला ग्राइंडर ऐकू आला होता."

त्याने डाव्या हाताने स्टुलाची कड धरली.

"एका बाजूचं वेल्ड झाल्यावर ग्राइंडर कशाला चालू होईल, हे तुम्हाला कळलं होतं. तुमचे कान शाबूत आहेत. तिकडे बसून रॉड कुठला लावलाय तेसुद्धा आवाजावरून सांगता. तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही मूग गिळून बसलात. मी गुणगुणत जेवत होते, तुम्ही समोर ताटाकडे बघत बसला होतात."

"तुझा हात बसला," तो भिंतीला म्हणाला, "की माझा गेलाच म्हणायचा. कायमचा."

तिला त्याची दया आली. रागाच्या भरातही आली, आणि त्यामुळे राग आणखी वाढला.

"तुमचा हात आजाराने गेला. मी नाही नेला. त्याचं जे काही दुःख करायचं ते करा, मी बरोबरीने बसून करीन. पण त्याचा सूड माझ्या कामावर उगवायचा नाही. शाळेची पोरं त्या दोरीखालून पळतात, दिसतं ना तुम्हाला? का तेही भिंतीत दिसत नाही?" ती थांबली, श्वास घेतला. "ही झडप मी आता कापणार आहे. परत जोडणार आहे. बिघडली तर परत कापेन. तुम्हाला भिंतीकडेच बघायचं असेल तर घरात चार भिंती आहेत. इथली भिंत मला हत्यारं टांगायला हवी आहे."

आणि तिने खरोखरच कापली. चारही कोपरे, तिने स्वतः इतक्या प्रेमाने वेल्ड केलेले, ग्राइंडरने सर्रकन उडवले. शेजारचा सायकल दुरुस्तीवाला आवाज ऐकून कुंपणावरून डोकावला, तिचं काळं तोंड पाहिलं आणि काही न विचारता मागे फिरला.

गुरुवारी सकाळी वर्गात तिने आपली चूक सांगितली. लपवली नाही. मुलं खो खो हसली. "टाके उसवले! मावशींनी टाके उसवले!" चाळणी सर हसले नाहीत. "हसा," ते म्हणाले, "पण यांनी मोडलेलं काम परत धरलंय. तुमच्यातल्या किती जणांनी धरलंय?" मग तिला म्हणाले, "एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ नका. ओढ वाटून टाका."

ओढ वाटून टाका! शिवणवाली घरी येईपर्यंत ते तीन शब्द घोळवत राहिली. आणि शेडमध्ये चौकट मांडताना तिला बाही आठवली. बाही सदऱ्याला जोडताना कोणी एका टोकाकडून शिवत सुटत नाही. सुटलं तर शेवटी कापड उरतं आणि चुण्या पडतात. आधी वर टाचायचं, मग खाली, मग पुढे, मग मागे, आणि उरलेलं सगळीकडे थोडंथोडं जिरवायचं. हे तर तिच्या हातचं होतं. ज्या सवयीने घात केला होता, त्याच सवयीच्या शेजारी हे शहाणपण इतकी वर्षं बसून होतं.

तिने एका कोपऱ्याला इंचभर वेल्ड घातलं, उठून समोरच्या तिरक्या कोपऱ्याला इंचभर घातलं, मग उरलेल्या दोघांना. झडप उलटी केली, मागून तसंच. मग परत पुढून. दर फेरीला दोरा लावून गाठ तपासली. मागचे कच्चे टाके होते तिथेच राहिले, पक्क्याच्या पोटात गेले. त्या उठबशीने तिचे गुडघे बोलायला लागले.

स्टूल जागेवरच होतं. उस्ताद घरात गेला नव्हता. दुपारच्या सुमाराला, ती तिसऱ्या कोपऱ्यावर असताना, तो म्हणाला, "लांब होतोय."

तिने रॉड केसभर खाली आणला. चुरचुर परत एकसारखी झाली.

"ऐकलं," ती म्हणाली.

शुक्रवारी दुसरी झडप झाली, दोन्हींत उभे गजही बसले. दोन्ही झडपा एकीवर एक ठेवल्या तेव्हा मधून टाचणी जाणार नाही अशा बसल्या.

शनिवारी दीर टेम्पो घेऊन आला. शेडच्या दारात दोन झडपा उभ्या होत्या, राखाडी रंग लावलेल्या, अजून ओलसर.

"वहिनी, हे—"

"बरं झालं टेम्पो आणलात," शिवणवाली म्हणाली. "उचला. रंगाला हात लावू नका, दोऱ्या बांधल्यात तिथे धरा."

"पण मी मशीन न्यायला—"

"भाऊजी, टेम्पो रिकामा परत जाणार असं ठरलंय. आधी शाळेपर्यंत भरून जाऊ दे, मग जाऊ दे रिकामा."

मशीन उचलायला आणलेल्या दोघा हमालांनी गेट उचललं. दिराने स्वतः मागची दोरी धरली, कारण तिथे उभं राहून नुसतं बघणं त्याला जमेना. उस्ताद त्यांच्यामागून रस्ता ओलांडून आला, उजवा हात खिशात घालून.

बिजागर खांबाला जोडायला मशीनची लांब वायर रस्त्यापलीकडे न्यावी लागली. शनिवारची सकाळची शाळा सुटायला वेळ होता. तिने खांबापाशी बसून शेवटचे टाके मारले, गार होऊ दिले, आणि झडप सोडली. मग एका बोटाने ढकलली. झडप न कुरकुरता गेली आणि अर्ध्यात थांबवली तिथेच थांबली. पुढेही सरकली नाही, मागेही नाही. काटेकोर उभ्या राहिलेल्या गेटचं हेच लक्षण. दिराने दुसरी झडप ढकलून पाहिली, तीही तशीच थांबली. परत ढकलून पाहिली. लहान मुलासारखा तो तीनचारदा ढकलत राहिला.

हेडबाई बाहेर आल्या. त्यांनी गेटवरून हात फिरवला, कोपऱ्यावरची बारीक वळी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या उस्तादाकडे वळल्या.

"वा! उस्तादांचा हात तो उस्तादांचा हात!"

दीर जमिनीकडे बघू लागला. असा क्षण आला की घरची बाई हसून बाजूला होते, नवऱ्याचा मान राखते आणि आयुष्यभर ते आतल्या आत गिळत राहते. शिवणवालीने काच खाली ठेवली.

"हात माझा आहे, बाई," ती म्हणाली. "पहिली झडप बिघडवलीही मीच होती."

हेडबाई गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा उस्तादाकडे बघू लागल्या. उस्ताद पुढे झाला. त्याने खिशातला उजवा हात काढला, सगळ्यांसमोर, थरथरत होता तसाच, आणि कोपऱ्यावरच्या वळ्यांवर बोट टेकवलं. ते बोट एका वळ्यावरून दुसऱ्यावर अडखळत गेलं.

"माझा टाका इतका बारीक पडत नाही," तो म्हणाला. "कधीच पडला नाही."

शाळा सुटल्याची घंटा झाली. शिपाई सवयीने दोन्ही हात पसरून धावत आला, गेट बंद पाहून तसाच हात पसरून उभा राहिला, आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं.

सोमवारी उस्ताद शेडमध्ये आला तेव्हा त्याचं स्टूल भिंतीपुढे नव्हतं. ते कामाच्या जागेकडे तोंड करून ठेवलेलं होतं. भिंतीवर, तो रोज जिथे बघत बसे तिथे, हातोड्या, पाने आणि गुण्या ओळीने टांगलेले होते. आणि स्टुलावर एक कोरी काळी काच होती, डाव्या हाताने धरता येईल अशी मूठ बसवलेली. तशी मूठ बाजारात मिळत नाही. ती तिने स्वतः जोडली होती.

शिवणवाली त्याच्या जुन्या पँटमध्ये, पाठमोरी, रॉड बसवत होती.

"मी सुरू करतेय," ती न वळता म्हणाली. "बघायचं असेल तर काच लावून बघा. आणि चुकलं तर बोला. तेव्हाच्या तेव्हा."